विल्यम गॉडविन : विवेकावर भिस्त ठेवणारा विचारवंत



मंडळाने मला या व्याख्यानमालेत बोलण्याची संधी दिली याबद्दल मी प्रथम सर्वांचे आभार मानतो. मी कोणी प्राध्यापक नाही. दिवसभर बँकेत काउंटरवर बसणारा एक कारकून आहे. कला शाखेची पदवी घेताना वाचनाची जी गोडी लागली ती सुटली नाही, एवढेच माझे भांडवल. आज मी विल्यम गॉडविन या इंग्रज राजकीय तत्त्वचिंतकाच्या व कादंबरीकाराच्या जीवनाचा आणि साहित्याचा थोडक्यात परामर्श घेणार आहे.

गॉडविन हे नाव आपल्यापैकी अनेकांनी प्रथमच ऐकले असेल. परंतु त्याच्या भोवतालची माणसे आपल्याला अपरिचित नाहीत. महात्मा जोतीराव फुले यांनी तरुणपणी ज्याचा 'राइट्स ऑफ मॅन' हा ग्रंथ वाचला, तो थॉमस पेन गॉडविनचा समकालीन व परिचित होता. स्त्रियांच्या हक्कांची कैफियत मांडणारी मेरी वुल्स्टनक्राफ्ट ही त्याची पत्नी. 'फ्रँकेन्स्टाईन' लिहिणारी मेरी शेली ही त्याची मुलगी व कवी शेली हा जावई. लोकसंख्येच्या सिद्धांतासाठी प्रसिद्ध असलेला माल्थस हा त्याचा प्रतिपक्षी. इतक्या मोठ्या माणसांच्या मध्यभागी उभा असलेला हा माणूस मात्र विस्मृतीत गेला. तो का गेला आणि त्याच्यापासून आपण काय घ्यावे, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

गॉडविनचा जन्म ३ मार्च १७५६ रोजी इंग्लंडमधील विस्बीच या गावी झाला. तेरा भावंडांत तो सातवा. वडील धर्मोपदेशक होते, परंतु ते राजमान्य चर्चचे नव्हते. चर्च ऑफ इंग्लंडच्या बाहेर राहून आपला स्वतंत्र पंथ पाळणाऱ्या अशा लोकांना तेथे 'डिसेंटर' म्हणत. म्हणजे मतभेद बाळगणारे. हे लोक गोरे होते, इंग्रज होते, ख्रिस्ती होते. तरीही सतराव्या शतकातील कायद्यांनी त्यांना सरकारी व नगरपालिकेच्या अधिकारपदांपासून दूर ठेवले होते. ऑक्सफर्ड विद्यापीठात राजमान्य धर्माच्या कलमांवर सही केल्याशिवाय प्रवेश मिळत नसे आणि केंब्रिजला सहीशिवाय पदवी मिळत नसे. शिक्षणाची दारे बंद असणे म्हणजे काय, हे या सभागृहात मी वेगळे सांगण्याची गरज नाही. या लोकांनी रडत न बसता स्वतःच्या विद्यासंस्था काढल्या. त्यांपैकी लंडनजवळच्या हॉक्स्टन येथील संस्थेत गॉडविन १७७३ ते १७७८ अशी पाच वर्षे शिकला. तेथे प्रत्येक प्रश्नाच्या दोन्ही बाजू तपासण्याचे वळण त्याच्या बुद्धीला लागले.

त्याआधी वयाच्या अकराव्या वर्षी त्याला नॉर्विच येथे सॅम्युअल न्यूटन नावाच्या अतिशय कर्मठ गुरूकडे ठेवले होते. हा गुरू छडी मारी. त्या माराची आठवण गॉडविनने आयुष्यभर ठेवली. पुढे १७९७ साली 'द एन्क्वायरर' या निबंधसंग्रहात त्याने शिक्षणाविषयी जे लिहिले त्याचा सारांश असा की, मुलाला शिकण्याची इच्छा व्हावी असे शिक्षकाने करावे. भीतीने पाठांतर होईल, पण समज येणार नाही. दोनशे वर्षांहून जुने हे मत आजही अनेक शिक्षकांना व पालकांना पटवून द्यावे लागते.

शिक्षण संपल्यावर गॉडविन वडिलांप्रमाणेच धर्मोपदेशक झाला. तीन गावी त्याने काम केले. परंतु वाचन वाढत गेले, तशी श्रद्धा ढासळत गेली. १७८३ साली त्याने तो पेशा सोडला आणि लंडनला येऊन लेखणीवर पोट भरू लागला. मिळेल ते लिहायचे, रोज ठरावीक तास वाचायचे, असा त्याचा क्रम होता. १७८८ पासून मृत्यूपर्यंत त्याने रोजनिशी ठेवली. तिच्या बत्तीस वह्या आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहेत. ज्या विद्यापीठाचे दार त्याच्या पंथाला बंद होते, त्याच विद्यापीठाने त्याच्या वह्या जपून ठेवाव्यात, हा काळाचा न्याय म्हणावा लागेल. त्या वह्यांत आज काय वाचले, काय लिहिले, कोण भेटले एवढ्याच त्रोटक नोंदी आहेत. विद्यार्थी मित्रांनी ही सवय घेण्यासारखी आहे.

१७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली आणि इंग्लंडमध्ये वैचारिक वादळ उठले. एडमंड बर्क याने १७९० मध्ये क्रांतीच्या विरोधात ग्रंथ लिहिला. पेनने त्याला 'राइट्स ऑफ मॅन'ने उत्तर दिले. सरकारने पेनवर खटला भरला व त्याला देश सोडावा लागला. अशा वातावरणात फेब्रुवारी १७९३ मध्ये गॉडविनचा मुख्य ग्रंथ 'एन्क्वायरी कन्सर्निंग पोलिटिकल जस्टिस', म्हणजे राजकीय न्यायाचा शोध, प्रसिद्ध झाला. त्याच्या आधीच्याच महिन्यात फ्रान्सच्या राजाचा शिरच्छेद झाला होता व इंग्लंड-फ्रान्स युद्ध नुकतेच पेटले होते. अशा वेळी असा ग्रंथ छापणे हे धाडसच होते.

या ग्रंथात काय आहे? त्याचा गाभा असा. माणूस जन्मतः दुष्ट नसतो. परिस्थिती, शिक्षण आणि शासनसंस्था त्याला घडवतात. शासन केवळ कचेरीत व दरबारात राहत नाही, ते माणसाच्या घरात आणि मनात शिरते. तेव्हा माणूस बदलायचा असेल तर त्याच्या बुद्धीला आवाहन केले पाहिजे. प्रत्येक व्यक्तीला स्वतःच्या विवेकाने निर्णय घेण्याचा अधिकार आहे आणि ते तिचे कर्तव्यही आहे. राजा सांगतो, धर्मगुरू सांगतो किंवा बहुमत सांगते म्हणून एखादी गोष्ट न्याय्य ठरत नाही. शिक्षेबद्दल तो म्हणतो की, शिक्षेने माणूस भितो, पण त्याला काही पटत नाही. ज्याच्या हाती पटवून देण्याजोगे काही असते तो दंडुका वापरत नाही. माणसांची समज जसजशी वाढेल तसतशी शासनाची गरज कमी होत जाईल आणि शेवटी ती उरणार नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणूनच १९१० साली एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकात लिहिताना रशियन विचारवंत क्रोपोटकिन याने अराजकवादाच्या तत्त्वांची पहिली मांडणी करण्याचा मान गॉडविनला दिला. येथे अराजक म्हणजे दंगाधोपा नव्हे, तर कोणीही कोणावर हुकमत न गाजवणारा समाज, एवढे लक्षात घ्यावे.

संपत्तीबद्दल त्याचे मत त्या काळाला फारच जहाल होते. एखादी वस्तू कोणाची? ज्याला तिची सर्वांत अधिक गरज आहे व जिच्यामुळे ज्याचे सर्वांत अधिक हित होईल त्याची, असे त्याचे उत्तर. सर्वांनी श्रम वाटून घेतले आणि चैनीच्या वस्तू बनवणे सोडले तर प्रत्येकाला रोज अर्धा तास अंगमेहनत पुरेल, असा त्याने हिशेब मांडला होता. हिशेब कदाचित उतावळा असेल. परंतु काही लोक दिवसभर राबतात म्हणूनच काहींना मुळीच राबावे लागत नाही, हे त्यातले मर्म खोटे नाही.

या ग्रंथाची किंमत एक पौंड सोळा शिलिंग होती. त्याबाबत एक आख्यायिका सांगतात. गॉडविनवर खटला भरावा असा विषय निघाला तेव्हा पंतप्रधान पिट म्हणाले की, ज्यांच्याकडे तीन शिलिंग नाहीत त्यांना तीन गिनींच्या पुस्तकाने काय अपाय होणार? आता तीन गिनी म्हणजे त्रेसष्ट शिलिंग आणि पुस्तकाची खरी किंमत छत्तीस शिलिंग. म्हणजे सांगणाऱ्याने भाव बराच चढवला. आम्हा बँकवाल्यांना आकडा जुळवल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून हे सांगितले. पण गोष्टीतला मुद्दा खरा आहे. सत्ताधारी ग्रंथाला घाबरत नाहीत, तो गरिबांच्या हाती पडण्याला घाबरतात. आणि तो पडला! कामगारांनी वर्गणी काढून प्रती विकत घेतल्या व एकत्र बसून वाचल्या. आयर्लंड व स्कॉटलंडमध्ये चोरून स्वस्त आवृत्त्या निघाल्या.

आता गॉडविनच्या कादंबरीकडे वळू. मोठा ग्रंथ सर्वांना वाचता येत नाही, पण गोष्ट सर्वांना कळते, हे त्याला ठाऊक होते. मे १७९४ मध्ये त्याची 'थिंग्ज अ‍ॅज दे आर' म्हणजे 'वस्तुस्थिती' ही कादंबरी आली. पुढे ती 'केलेब विल्यम्स' या नायकाच्या नावाने प्रसिद्ध झाली. केलेब हा गरीब घरचा, आईबापाविना पोरका, वाचनवेडा तरुण. फॉकलंड नावाच्या प्रतिष्ठित जमीनदाराकडे तो चिटणीस म्हणून राहतो. मालक दयाळू आहे, विद्वान आहे, पण आतून कशाने तरी पोखरलेला आहे. केलेबला समजते की, काही वर्षांपूर्वी टिरेल नावाच्या दुसऱ्या जमीनदाराचा खून याच मालकाने केला आणि त्यासाठी हॉकिन्स नावाचे निरपराध कूळ, बाप आणि मुलगा, फासावर गेले.

या टिरेलचे चित्रण वाचताना अंगावर काटा येतो. हॉकिन्स आपला मुलगा त्याच्या नोकरीत द्यायला नकार देतो, एवढ्यावरून टिरेल त्याच्या शेतात पाणी सोडतो, त्याचा जाण्या-येण्याचा रस्ता कुलपे लावून बंद करतो. मुलगा रात्री ती कुलपे तोडतो, तर कायद्याच्या नजरेत तोच गुन्हेगार ठरतो व तुरुंगात जातो. टिरेलच्याच आश्रयाने वाढलेली एमिली ही मुलगी ठरवलेले लग्न नाकारते, तेव्हा आजवर खाऊ घातल्याचा खर्च कर्ज म्हणून दाखवून तो तिला आजारी असताना अटक करवतो आणि ती कैदेतच मरते. कायदा पुस्तकात सर्वांना सारखा, पण त्याची किल्ली जमीनदाराच्या खिशात, ही ती वस्तुस्थिती.

केलेबला रहस्य कळले हे पाहून फॉकलंड त्याच्यावर चोरीचा खोटा आळ घालतो. न्यायाधीशापुढे मालकाचा शब्द खरा व नोकराचा शब्द कृतघ्नपणाचा ठरतो. केलेब तुरुंगात जातो, निसटतो, वेष पालटून गावोगाव भटकतो. पण जाईल तेथे त्याच्या बदनामीची पत्रके आधीच पोहोचलेली असतात. कोठे बस्तान बसू लागले की शेजारी तोंड फिरवतात. बेड्यांशिवायही एक समाज माणसाला कसा कोंडू शकतो, हे गॉडविनने येथे दाखवले आहे.

मित्रांनो, या कादंबरीची एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. गॉडविनने तिला दोन शेवट लिहिले. पहिल्या शेवटात केलेब न्यायालयात सत्य सांगतो, पण कोणी विश्वास ठेवत नाही. तो कैदेत पडतो व त्याची बुद्धी भ्रमिष्ट होते. हा शेवट लिहून झाल्यावर थोड्याच दिवसांत गॉडविनने तो बाजूला ठेवला व दुसरा लिहिला. छापला गेला तो दुसरा. त्यात केलेब मरणपंथाला लागलेल्या फॉकलंडसमोर द्वेष सोडून, कळकळीने सर्व सत्य सांगतो. ते ऐकून फॉकलंडचे मन विरघळते, तो भर न्यायालयात गुन्हा कबूल करतो आणि तीन दिवसांनी मरतो. केलेब जिंकतो, पण त्याला आनंद होत नाही. एका मोठ्या माणसाचा नाश आपल्या हातून झाला, ही खंत त्याला जाळत राहते.

पहिला शेवट वस्तुस्थिती सांगतो व दुसरा गॉडविनची श्रद्धा. मनापासून सांगितलेले सत्य शत्रूलाही जिंकते, ही ती श्रद्धा. यांपैकी खरा शेवट कोणता, याचा निकाल त्याच्या स्वतःच्या आयुष्यात दोन्ही बाजूंनी लागला.

प्रथम सत्याच्या विजयाचा प्रसंग. लंडनमध्ये थॉमस हार्डी नावाच्या चांभारकाम करणाऱ्या कारागिराने १७९२ साली 'लंडन करस्पाँडिंग सोसायटी' स्थापन केली होती. आठवड्याला एक पेनी वर्गणी आणि प्रत्येक प्रौढ पुरुषाला मताचा अधिकार ही मागणी. १२ मे १७९४ रोजी सरकारने हार्डीला पकडले. मग इतरांनाही धरले. विनाचौकशी कैदेविरुद्ध संरक्षण देणारा हेबियस कॉर्पसचा कायदा तहकूब झाला. त्याच दिवसाची तारीख असलेली 'केलेब विल्यम्स'ची प्रस्तावना पुस्तकविक्रेत्यांच्या भीतीमुळे काढून टाकावी लागली, ती पुढच्या आवृत्तीत छापली गेली. बारा जणांवर राजद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला. शिक्षा एकच, अत्यंत क्रूर देहदंड. हार्डी कैदेत असतानाच त्याची पत्नी बाळंतपणात वारली.

सरन्यायाधीश आयर यांनी ज्युरीपुढे जे निवेदन केले त्यात राजद्रोहाचा अर्थ ताणून सनदशीर सुधारणेच्या चळवळीलाही त्यात ओढले होते. आरोपींत गॉडविनचा जिवलग मित्र हॉलक्रॉफ्ट होता. गॉडविनने खोलीत बसून उत्तर लिहिले. २१ ऑक्टोबर १७९४ रोजी ते 'मॉर्निंग क्रॉनिकल' या वर्तमानपत्रात निनावी प्रसिद्ध झाले. त्याचा युक्तिवाद सरळ होता. १३५१ च्या कायद्यात राजद्रोहाची मर्यादित व्याख्या दिलेली आहे. न्यायाधीशाने अनुमानाने नवा गुन्हा निर्माण केला, तर नागरिकाने कोणता कायदा पाहून वागावे? कृत्य आधी आणि कायदा मागून, हा न्याय नव्हे. या लेखाने लोकमत पालटण्यास मोठी मदत केली. वकील थॉमस अर्स्किन यांनी खटला लढवला. ५ नोव्हेंबरला ज्युरीने हार्डीला निर्दोष सोडले, नंतर आणखी दोघे सुटले व बाकीच्यांवरील खटले सरकारला सोडून द्यावे लागले. सुटलेल्यांपैकी हॉर्न टूक या वृद्ध गृहस्थाने पुढे लेखकाचे नाव कळल्यावर गॉडविनच्या हाताचे चुंबन घेतले, असे सांगतात.

आता दुसरी बाजू. गॉडविनने आपल्या ग्रंथात विवाहाच्या कायद्याला मालकी हक्काचा वाईट प्रकार म्हटले होते. मेरी वुल्स्टनक्राफ्ट व तो परस्परांच्या जवळ आले, तिला दिवस गेले आणि होणाऱ्या मुलाला समाजाने नावे ठेवू नयेत म्हणून २९ मार्च १७९७ रोजी दोघांनी लग्न केले. तरीही गॉडविनने लिहिण्यासाठी थोड्या अंतरावर वेगळी खोली ठेवली. दोघांनी एकमेकांचे स्वातंत्र्य जपले. ३० ऑगस्टला मुलगी झाली. बाळंतपणात संसर्ग होऊन १० सप्टेंबरला मेरी मरण पावली. संसार पाच महिन्यांचा.

दुःखात बुडालेल्या गॉडविनने जानेवारी १७९८ मध्ये पत्नीचे चरित्र प्रसिद्ध केले. त्याच्या तत्त्वाप्रमाणे त्याने काहीच लपवले नाही. तिचे पूर्वीचे प्रेमसंबंध, लग्नाबाहेर झालेली मुलगी फॅनी, आत्महत्येचे दोन प्रयत्न, सारे आदराने व प्रेमाने लिहिले. परिणाम काय झाला? विरोधकांना आयते कोलीत मिळाले. एका सरकारधार्जिण्या मासिकाने आपल्या सूचीत वेश्याव्यवसाय या शब्दापुढे मेरीचे नाव दिले. तिचा ग्रंथ न वाचता तिच्या चारित्र्यावर बोलणे सोयीचे झाले आणि पुढे कित्येक दशके सभ्य लोक तिचे नाव घेण्याचे टाळत राहिले. स्त्रीचा विचार खोडता येत नसेल तर तिच्या चारित्र्यावर चिखल उडवायचा, ही रीत कोणत्याही एका देशाची नाही. येथे सत्य सांगितले गेले, पण ते ऐकणारे फॉकलंडसारखे विरघळले नाहीत.

त्याच १७९८ साली माल्थसचा लोकसंख्येवरील निबंध निघाला. तो मुळात गॉडविनच्या आशावादाला दिलेले उत्तर होता. माल्थस म्हणे, माणसे अन्नापेक्षा वेगाने वाढतात, म्हणून दारिद्र्य अटळ आहे. गॉडविन म्हणे, दारिद्र्य निसर्गाने नव्हे, समाजाच्या व्यवस्थेने निर्माण केले आहे. त्याने १८२० मध्ये मोठा ग्रंथ लिहून उत्तर दिले, पण तोवर माल्थसचे मत प्रतिष्ठित झाले होते. माल्थस १८०५ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या महाविद्यालयात प्राध्यापक होता. हिंदुस्थानात कारभार करायला येणारे तरुण गोरे अधिकारी त्याच्या वर्गात बसत. गॉडविनला असा वर्ग मिळाला नाही, हेही ध्यानात घ्यावे.

यानंतर गॉडविनच्या आयुष्याची उतरण सुरू झाली. पूर्वीचे चाहते कवी व विचारवंत युद्धाच्या वातावरणात पाठ फिरवून गेले. १८०१ मध्ये त्याने दुसरे लग्न केले. घरात पाच मुले झाली, पण कोणत्याही दोघांचे आई आणि बाप एक नव्हते. पोटासाठी पती-पत्नींनी १८०५ साली मुलांच्या पुस्तकांचे दुकान काढले. गॉडविन हे नाव पाहून लोक पुस्तक घेणार नाहीत म्हणून त्याने 'एडवर्ड बाल्डविन' या टोपणनावाने लिहिले. चार्ल्स व मेरी लॅम्ब या भावंडांच्या शेक्सपिअरच्या सुप्रसिद्ध गोष्टी १८०७ मध्ये याच दुकानाने काढल्या. पुस्तके चांगली होती, व्यवहार मात्र नव्हता. एक हुंडी फेडण्यासाठी दुसरी हुंडी लिहायची, हे दुष्टचक्र त्याला सुटले नाही. शिंपीकाम करून वर आलेला जुना चळवळ्या फ्रान्सिस प्लेस याने मदत केली व शेवटी वैतागून अंग काढून घेतले. १८२५ साली गॉडविनचे दिवाळे निघाले.

शेली प्रकरणात तर हा तत्त्ववेत्ता फारच लहान दिसतो. गॉडविनचा ग्रंथ वाचून भारावलेला तरुण शेली १८१२ मध्ये त्याचा शिष्य झाला व त्याच्यासाठी कर्ज काढू लागला. जुलै १८१४ मध्ये विवाहित शेलीबरोबर गॉडविनची सोळा वर्षांची मुलगी मेरी निघून गेली. त्यांच्या दृष्टीने ते गॉडविनच्याच पुस्तकाप्रमाणे वागत होते. गॉडविनने त्यांना घराचे दार बंद केले. पैसे मात्र मागत राहिला. १८१६ मध्ये त्याने शेलीचा धनादेश परत पाठवला, कारण त्यावर दोघांचीही नावे होती. तो तिसऱ्याच्या नावाने द्यावा, असे कळवले! धनादेश हाताळण्यात माझी उमर गेली, पण याहून केविलवाणा धनादेश मी ऐकलेला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बावीस वर्षांच्या फॅनीने स्वान्सी येथे आत्महत्या केली. आईचे सारे सत्य छापणाऱ्या गॉडविनने या मुलीच्या मृत्यूची मात्र वाच्यता होऊ दिली नाही.

हे सर्व मी निंदेसाठी सांगत नाही. पायाशी बसून केवळ आरती करावी, असे गॉडविनला स्वतःला चालले नसते. प्रत्येकाने स्वतःच्या विवेकाने तपासावे, हा ज्याचा उपदेश, त्यालाही त्याच कसोटीवर घासले पाहिजे. शिवाय स्वतःची मते तपासून सुधारण्याचे धैर्य त्याच्यात होते. पहिल्या आवृत्तीत त्याने एक उदाहरण दिले होते. घराला आग लागली आहे, आत थोर लेखक फेनेलाँ आणि त्याची दासी आहे, एकालाच वाचवता येईल, तर समाजाच्या हितासाठी फेनेलाँला वाचवावे, मग ती दासी आपली आई का असेना! पुढे १७९९ च्या 'सेंट लिऑन' या कादंबरीच्या प्रस्तावनेत त्याने मान्य केले की, घरच्या माणसांवरील माया ही न्यायाच्या आड येत नाही. मेरीच्या सहवासाने त्याला हे शिकवले.

माझ्या मते गॉडविनची खरी उणीव वेगळीच आहे. त्याचा विवेकावर विश्वास होता, पण संघटनेवर नव्हता. गर्दीत माणूस विचार करत नाही, टाळ्या वाजवतो, म्हणून दोघा-चौघांनी शांतपणे चर्चा करावी आणि सत्य आपोआप पसरेल, असे तो मानी. १७९५ साली सरकारने सभा व लेखनावर बंदी आणणारी विधेयके मांडली. त्याने त्यांना विरोध केला, पण त्याच पुस्तिकेत हार्डीच्या सोसायटीवर आणि थेलवॉल या वक्त्याच्या सभांवरही टीका केली. थेलवॉल हा आदल्या वर्षीच राजद्रोहाच्या खटल्यातून सुटलेला माणूस. तो दुखावला, मैत्रीत अंतर पडले. गॉडविन हे विसरला की, हार्डी केवळ त्याच्या लेखाने सुटला नाही. लेख होता, वकील होता, बारा ज्युरी होते आणि आठवड्याला एक पेनी देणारे हजारो कारागीर होते. मेरीच्या चरित्राला अशी पाठराखण नव्हती, म्हणून तेथे सत्य एकटे पडले.

परंतु त्याने दिलेला इशाराही तितकाच खरा आहे. संघटना वाढते तशी प्रश्न विचारणारा सभासद नकोसा होतो. व्यासपीठावरून जे सांगितले जाईल त्याला मान डोलवायची, एवढेच सभासदत्व उरते. वर्गणी भरली की कर्तव्य संपले असे वाटू लागते. अशी संघटना मोठी दिसली तरी आतून पोकळ होते. म्हणून मंडळाच्या ज्येष्ठांना माझी नम्र विनंती आहे की, एखादा विद्यार्थी सभेत उभा राहून "हे असे का?" असे विचारेल तेव्हा त्याला खाली बसवू नका. आणि विद्यार्थ्यांना सांगणे असे की, प्रश्न विचारून घरी निघून जाऊ नका, खुर्च्या उचलायलाही थांबा.

गॉडविनचा शेवट सांगून थांबतो. १८३३ साली सरकारने या म्हाताऱ्या शासनविरोधकाला खजिना विभागात एक नाममात्र काम व राहायला घर दिले. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी खजिन्यातील खाचा पाडलेल्या हिशेबाच्या जुन्या लाकडी काठ्या जाळताना आग भडकली व पार्लमेंटची इमारत भस्मसात झाली. गॉडविन त्या रात्री नाटकाला गेला होता. ७ एप्रिल १८३६ रोजी ऐंशी वर्षांचा होऊन तो वारला आणि मेरी वुल्स्टनक्राफ्टशेजारी त्याला पुरण्यात आले. डिसेंटरांवरील पदबंदीचे कायदे त्याच्या हयातीतच, १८२८ मध्ये, रद्द झाले होते. हार्डीने मागितलेला मताधिकार ब्रिटनमधील पुरुषांना १९१८ साली मिळाला आणि स्त्रियांना त्यांच्या बरोबरीने १९२८ साली. म्हणजे सत्य जिंकले, पण त्याला सव्वाशे वर्षे लागली, आणि त्या सव्वाशे वर्षांत पेनी-पेनी देऊन ते जिवंत ठेवणारी माणसे लागली.

केलेबचा कोणता शेवट खरा, हे पुस्तकात ठरत नाही. ते आपण एकमेकांच्या मागे किती उभे राहतो, यावर ठरते.  न पटलेले काही असेल तर जरूर विचारा.